आकड्याआधी व्याख्या: अमेरिकेतल्या व्यावसायिक मालमत्तेच्या संशोधनसंस्था वापरायच्या कशा

अमेरिकेच्या कमर्शियल रिअल इस्टेटमध्ये नव्याने पाऊल टाकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट खटकते. मग तो मास्टर्सचा विद्यार्थी असो, विश्लेषक असो की बँकेच्या कर्जविभागात नुकता रुजू झालेला. इथे माहिती सहजासहजी हाती लागत नाही. शेअरचा भाव क्षणाक्षणाला पडद्यावर दिसतो, पण ऑफिसच्या इमारतीचा भाव ती विकली जाते तेव्हाच कळतो आणि ती दहा-दहा वर्षं विकली जात नाही. भाडेकरार हा मालक आणि भाडेकरू यांच्यातला खासगी कागद. टेक्सससारख्या राज्यात तर व्यवहाराची किंमत सरकारदरबारी सांगायचंही बंधन नाही. कोस्टारसारख्या कंपन्या १९८७ पासून हीच माहिती गोळा करून विकतात, पण त्यांची वर्गणी विद्यार्थ्याच्या खिशाला झेपणारी नसते.

या पोकळीत काही ना-नफा संस्था काम करतात. त्या संशोधनाला पैसा देतात, अहवाल काढतात आणि बहुतेक वेळा ते फुकट वाचायला देतात. नेऑप रिसर्च फाउंडेशन हे त्यातलं ठळक उदाहरण. २००० मध्ये स्थापन झालेली ही संस्था ऑफिस, औद्योगिक आणि मिश्र वापराच्या मालमत्तांवर अभ्यास करवून घेते. पुढे जे सांगतो आहे ते तिला धरून असलं तरी तिच्यासारख्या कुठल्याही संस्थेला लागू पडेल.

पायरी १: संस्थेची कुळी पाहा

अमेरिकेत ‘नॉन-प्रॉफिट’ हा एकच शब्द दोन फार वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. करकायद्यातल्या ५०१-सी-३ कलमाखाली येतात त्या धर्मादाय, शैक्षणिक वा संशोधनाच्या संस्था. त्यांना दिलेल्या देणगीवर देणाऱ्याला करसवलत मिळते. त्या बदल्यात निवडणुकीच्या प्रचारात त्यांना अजिबात उतरता येत नाही आणि कायदे घडवण्यासाठी दबाव आणण्यावरही कडक मर्यादा असते. ५०१-सी-६ कलमाखाली येतात त्या व्यापारी संघटना. सदस्यांच्या धंद्याचं भलं पाहणं हेच त्यांचं उघड काम, आणि सरकारदरबारी सदस्यांची बाजू मांडणं हा त्याचाच भाग.

आता मेख कळेल. नेऑप ही विकासकांची संघटना आहे, औद्योगिक वसाहती उभारणाऱ्यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली. रिसर्च फाउंडेशन हे तिचं वेगळं, ५०१-सी-३ अपत्य. घर एक, चुली दोन. नवखे लोक दोघांना एकच समजतात आणि फाउंडेशनचा अभ्यास ‘लॉबीचा कागद’ म्हणून फेकून देतात, नाहीतर संघटनेचं निवेदन ‘संशोधन’ म्हणून प्रबंधात उद्धृत करतात. दुसरी चूक जास्त महागात पडते.

अर्बन लँड इन्स्टिट्यूट १९३६ पासून आहे आणि तिचा भर जमीनवापर व शहररचनेवर. एनक्रीफ ही १९८२ ची संस्था मोठ्या गुंतवणूकदारांच्या मालमत्तांचा परतावा मोजते. प्रत्येकीचा प्रश्न वेगळा, म्हणून आपला प्रश्न घेऊन कुठल्या दारात जायचं ते आधी ठरवा. गोदामांची मागणी पुढच्या वर्षी किती असेल हे एनक्रीफला विचारून उपयोग नाही.

कुळी तपासायचा सोपा मार्ग म्हणजे फॉर्म ९९०. बहुतेक करमुक्त संस्थांना तो दरवर्षी भरावा लागतो आणि मागच्या तीन वर्षांच्या प्रती मागणाऱ्याला दाखवाव्या लागतात. त्यात संचालक कोण, पगार किती, अनुदान कुणाला दिलं हे असतं. देणगीदारांची नावं मात्र सहसा झाकलेली असतात, त्यासाठी संस्थेचे वार्षिक अहवाल आणि आभाराची पानं चाळा. पहिल्या वेळी अर्धा तास लागेल. संचालकांच्या यादीत कोणत्या कंपन्यांची माणसं आहेत तेवढं टिपून ठेवलं तरी पुरे.

‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण इथे लगेच आठवते, पण ती जपून वापरावी. माझ्या अनुभवात प्रायोजकाचा कल निष्कर्षात क्वचितच सापडतो. तो सापडतो कोणता प्रश्न विचारला आणि कोणता विचारलाच नाही यात.

पायरी २: व्याख्या पाठ करा, आकडे नंतर

ही पायरी सगळ्यात मोठी आहे आणि सगळ्यात जास्त लोक ती गाळतात.

या संस्थांकडून एकच गोष्ट घ्यायची झाली तर मी त्यांचा अंदाज घेणार नाही की निर्देशांक घेणार नाही. त्यांची शब्दावली घेईन. ऑफिस आणि औद्योगिक बाजारातल्या संज्ञांचा नेऑपचा एक कोश आहे. रूक्ष वाटतो, पण सारा धंदा त्या शब्दांवर उभा आहे. दोन ब्रोकर कंपन्या एकाच शहराच्या ऑफिसबाजाराचे दोन आकडे देतात तेव्हा दहापैकी आठ वेळा कुणीच चुकलेलं नसतं, ते वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात.

माझा पहिला अहवाल असाच फसला. एका तिमाहीसाठी मी ‘व्हेकन्सी’चा आकडा घेतला, पुढच्या तिमाहीसाठी दुसऱ्या ठिकाणाहून ‘अव्हेलेबिलिटी’चा, आणि रिकाम्या जागेत मोठी वाढ झाल्याचा निष्कर्ष काढून मोकळा झालो. व्हेकन्सी म्हणजे आज रिकामी असलेली जागा. अव्हेलेबिलिटी म्हणजे भाड्याने द्यायला काढलेली जागा, मग त्यात आज कुणी बसलेलं का असेना. करार संपत आलेला भाडेकरू अजून आत असतो आणि मालकाने पाटी लावलेली असते, ती जागा अव्हेलेबल आहे पण व्हेकंट नाही. वरिष्ठांनी एकच प्रश्न विचारला, “हे दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे आहेत का?” त्यानंतरचं शनिवार-रविवार मी ते कोष्टक पुन्हा करण्यात घालवलं.

सबलीजही असंच गोंधळात पाडते. भाडेकरूने जागा सोडली, पण करार चालू आहे आणि तो ती दुसऱ्याला द्यायला बघतोय. मालकाला भाडं येतंय, खुर्च्या मात्र रिकाम्या. काही अहवाल ही जागा रिकामी धरतात, काही धरत नाहीत. २०२० नंतरचे ऑफिसचे आकडे वाचताना हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊच नका.

नेट ॲब्झॉर्प्शन ही संज्ञा तर उदाहरणाशिवाय डोक्यात शिरत नाही. समजा एका बाजारात एक कोटी चौरस फूट जागा आहे. तिमाहीच्या सुरुवातीला १५ लाख रिकामी, म्हणजे ८५ लाख भरलेली. तिमाहीत ४ लाख चौरस फुटांची नवी इमारत तयार झाली. शेवटी एकूण रिकामी जागा १७ लाख निघाली. भरलेली जागा झाली १ कोटी ४ लाख वजा १७ लाख, म्हणजे ८७ लाख. नेट ॲब्झॉर्प्शन अधिक २ लाख. पण रिकाम्या जागेचं प्रमाण? ते १५ टक्क्यांवरून साधारण १६.३ टक्क्यांवर गेलं. मागणी वाढली आणि रिकामी जागाही वाढली. दोन्ही खरं आहे. बातमीचा मथळा कुठला होणार ते लिहिणाऱ्यावर. त्यातच ब्रोकर सांगतो की या तिमाहीत १२ लाख चौरस फुटांचे करार झाले. तेही खोटं नसेल, पण त्यातले बरेच जुने करार नव्याने केलेले असतात किंवा या इमारतीतून त्या इमारतीत हललेले भाडेकरू असतात. नव्याने भरली ती जागा दोन लाखच.

चौरस फूट हाही साधा शब्द नाही. कार्पेट आणि सुपर बिल्ट-अपमधला वाद ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा त्याचाच भाऊ वाटेल. भाडेकरूला प्रत्यक्ष वापरायला मिळते ती युजेबल जागा. लॉबी, मार्गिका, सामायिक स्वच्छतागृहं यातला त्याचा वाटा मिळवला की होते रेंटेबल. १०,००० युजेबलला ११,५०० रेंटेबल असेल तर लोड फॅक्टर १.१५. ३० डॉलरच्या भावाने वर्षाचं भाडं होतं ३,४५,००० डॉलर, आणि वापरातल्या प्रत्येक फुटामागे खरा भाव पडतो साडेचौतीस. जागा मोजायची पद्धत बोमा ही इमारतमालकांची संघटना १९१५ पासून ठरवत आली आहे आणि ती वेळोवेळी बदलली आहे. म्हणून जुन्या आणि नव्या इमारतींची तुलना करताना मोजमाप कोणत्या आवृत्तीनुसार केलं ते विचारा.

भावाबद्दल एक बारीक इशारा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी भाडं वर्षाला प्रति चौरस फूट सांगतात, कॅलिफोर्नियात मात्र महिन्याला सांगायची रीत आहे. त्यात ट्रिपल-नेट करार असेल तर मालमत्ता कर, विमा आणि देखभाल भाडेकरूच्या डोक्यावर, ग्रॉस असेल तर मालकाच्या. या गोष्टी न पाहता दोन शहरांच्या भाड्याचं कोष्टक करणारा माणूस मला दर वर्षी भेटतो.

कॅप रेटबद्दल थोडक्यात. इमारतीचं निव्वळ वार्षिक उत्पन्न भागिले किंमत. उत्पन्न १२ लाख डॉलर आणि किंमत २ कोटी, तर कॅप रेट ६ टक्के. बाजाराने ७ टक्के मागायला सुरुवात केली की तीच इमारत, तेच भाडेकरू, तेच उत्पन्न असताना किंमत येते साधारण १ कोटी ७१ लाखांवर. एक टक्का ऐकायला छोटा वाटतो, पण चौदा टक्के किंमत गेली.

पायरी ३: अहवाल शेवटाकडून वाचा

सारांश वाचू नका. निदान आधी तरी नाही. शेवटची पानं उघडा, जिथे पद्धत, नमुना आणि तारखा असतात. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण शीत त्याच भांड्यातलं हवं. सर्वेक्षण असेल तर किती जणांना विचारलं, किती जणांनी उत्तर दिलं आणि उत्तर देणारे कोण होते? विकासकांच्या संघटनेच्या सदस्यांना विचारलेलं ‘पुढचं वर्ष कसं जाईल’ हे विकासकांच्या मनाचं मोजमाप आहे. त्या कामासाठी ते उत्तम. बाजाराचं मोजमाप म्हणून ते वापरू नका.

आर्थिक परिणामाचे अहवाल हा या संस्थांचा नेहमीचा प्रकार. व्यावसायिक बांधकामाने देशाच्या उत्पन्नात किती भर घातली, किती नोकऱ्या टिकल्या वगैरे. नेऑपच्या फाउंडेशनसाठी जॉर्ज मेसन विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ स्टीफन फुलर यांनी अनेक वर्षं असा अभ्यास केला. त्यामागची पद्धत इनपुट-आउटपुटची. बांधकामावर खर्च झालेला एक डॉलर कंत्राटदाराकडून सिमेंटवाल्याकडे आणि कामगाराच्या पगारातून दुकानदाराकडे जातो, त्या साखळीचा गुणक काढतात. पद्धत मान्यताप्राप्त आहे. पण ती एक प्रश्न विचारत नाही: तो डॉलर या इमारतीत गेला नसता तर दुसरीकडे काय उभं राहिलं असतं? म्हणून असा आकडा ‘या क्षेत्रातून एवढी उलाढाल होते’ असं सांगायला वापरा. ‘हे क्षेत्र नसतं तर देश एवढ्याने गरीब असता’ असं लिहिलंत तर कुणीतरी टोकेलच, आणि बरोबर टोकेल.

मागणीच्या अंदाजांसाठी माझा एक नियम आहे. नवा अंदाज वाचण्याआधी त्याच मालिकेतला दोन-तीन वर्षांपूर्वीचा अंदाज काढा आणि प्रत्यक्ष काय घडलं ते शेजारी मांडा. हे काम कुणी करत नाही, म्हणून ते करणाऱ्याला लगेच मान मिळतो. अंदाज चुकला म्हणून टाकून द्यायचा नसतो, कोणत्या दिशेने आणि कशामुळे चुकला ते पाहायचं असतं.

पायरी ४: किंमत कुणी ठरवली ते विचारा

एनक्रीफचा मालमत्ता निर्देशांक १९७८ पासूनचा परतावा देतो. एवढी लांब मालिका दुसरीकडे मिळणं कठीण, म्हणून जो तो तीच वापरतो. पण त्यातल्या इमारती दर तिमाहीला विकल्या जात नाहीत, त्यांचं मूल्यांकन होतं. मूल्यांकन करणारा मागचे व्यवहार बघतो, आपलाच मागचा आकडा बघतो आणि हळूहळू सरकतो. त्यामुळे चढउतार असतो त्याहून सपाट दिसतो. याला स्मूदिंग म्हणतात. डेव्हिड गेल्टनर यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते दुरुस्त करायच्या पद्धती मांडल्या आहेत.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून २००८ घ्या. शेअर बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या इक्विटी रीट्स, म्हणजे इमारतींची मालकी असलेल्या कंपन्यांचे शेअर, त्या वर्षी सुमारे ३८ टक्क्यांनी कोसळल्या. एनक्रीफचा निर्देशांक त्याच वर्षी फक्त साडेसहा टक्क्यांच्या आसपास घसरला. २००९ मध्ये रीट्स सुमारे २८ टक्क्यांनी वर आल्या, आणि निर्देशांक तेव्हा कुठे जवळपास १७ टक्क्यांनी खाली आला. इमारती त्याच प्रकारच्या, देशही तोच. रीट्सवर कर्ज असतं आणि एनक्रीफचा निर्देशांक कर्ज वगळून मोजतो, हा फरकही त्यात आहेच. तरीही वेळेचं अंतर स्पष्ट दिसतं. कुणी ‘रिअल इस्टेट शेअरपेक्षा स्थिर आहे’ असं आलेखाने दाखवलं की आधी आलेखाखाली मालिकेचं नाव वाचा.

पायरी ५: फुकटच्या माहितीशी ताडून बघा

अहवालातला एक आकडा निवडा आणि तो सरकारी माहितीशी जुळवायचा प्रयत्न करा. पूर्ण जुळणार नाही. का जुळत नाही हे शोधताना जे कळतं तेच कमवायचं आहे.

ऊर्जा माहिती विभाग व्यावसायिक इमारतींचं सर्वेक्षण १९७९ पासून करतो. २०१८ च्या फेरीत देशात ५९ लाख व्यावसायिक इमारती आणि ९७ अब्ज चौरस फूट जागा असल्याचं निघालं. आकडा भारदस्त आहे, पण त्यांच्या लेखी ‘व्यावसायिक’ म्हणजे जे निवासी नाही, कारखाना नाही, शेतीचं नाही ते सगळं. म्हणजे शाळा, इस्पितळं आणि चर्चसुद्धा. गुंतवणुकीच्या बाजाराचा आकार म्हणून हा आकडा वापरणारे महाभाग आहेत.

नोंदणीकृत रीट्सचे वार्षिक अहवाल शेअर बाजाराच्या नियामकाच्या एडगर या संकेतस्थळावर खुले असतात. त्यात ‘शेड्यूल ३’ नावाचं परिशिष्ट शोधा: एकेका मालमत्तेवरचं कर्ज, मूळ खर्च, साचलेला घसारा, खरेदीची तारीख. आजचा बाजारभाव त्यात नसतो, पण फुकटात एवढा तपशील दुसरीकडे मिळणार नाही. फेडरल रिझर्व्ह दर तिमाहीला बँकांच्या कर्ज अधिकाऱ्यांना विचारतं की व्यावसायिक मालमत्तेसाठी कर्ज देण्याचे निकष कडक केले की सैल. बाजाराचं वारं कुठे वाहतंय ते ब्रोकरच्या अहवालाआधी इथे दिसायची शक्यता जास्त. काउंटीच्या कर आकारणी कार्यालयाच्या नोंदीही पाहा, मात्र दर काउंटीची तऱ्हा वेगळी.

पायरी ६: माणसांपर्यंत पोचा

अहवालाच्या लेखकाला ईमेल करा. बहुतेक लेखक प्राध्यापक किंवा सल्लागार असतात आणि आपला अहवाल कुणी परिशिष्टापर्यंत वाचला याचं त्यांना अप्रूप असतं. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. ‘आपल्या कार्याने प्रेरित झालो’ अशी प्रस्तावना नको. कोष्टक ४ मध्ये सबलीज धरली आहे का, असा एकच नेमका प्रश्न विचारा. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या. विद्यार्थ्यांना बहुतेक संघटना सवलतीत सदस्यत्व देतात. बैठकीला जा आणि मालमत्ता व्यवस्थापकाशेजारी बसा. गुंतवणूकदारापेक्षा त्याला भाडेकरूंची जास्त खबर असते.

पायरी ७: अनुदान मागायचं असेल तर

आधी प्राध्यापकाला सोबत घ्या, एकट्या विद्यार्थ्याच्या नावावर पैसा क्वचितच मिळतो. प्रस्ताव दोन पानांत बसवा. पहिल्या वाक्यात प्रश्न, आणि तो असा की त्याचं उत्तर कळलं तर एखादा विकासक किंवा बँक काहीतरी वेगळं करेल. ‘ऑफिसबाजाराचं भवितव्य’ हा प्रश्न नव्हे. ‘करार संपायला दोन वर्षं उरली असताना सबलीजला काढलेल्या जागांपैकी किती जागा मूळ भाडेकरू पुन्हा घेतो’ हा प्रश्न आहे.

दुसऱ्या परिच्छेदात माहिती कुठून आणणार ते लिहा. प्रस्ताव इथेच पडतात. ‘कंपन्यांकडून मिळवू’ असं लिहिलं की वाचणारा पान उलटतो. दोन कंपन्यांनी माहिती द्यायचं लेखी कबूल केलेलं पत्र जोडलंत तर पद्धत थोडी कच्ची असली तरी चालून जाते. अंदाजपत्रक करताना विद्यापीठाला विचारा की ते अनुदानातून वरखर्चापोटी किती कापून घेतात. संस्था तो खर्च देत नसेल, किंवा त्यावर मर्यादा असेल, तर तुमच्या हातात किती उरतं ते आधी कळायला हवं.

आणि सही करण्याआधी करारातलं प्रकाशनाचं कलम वाचा. अहवाल छापण्याआधी संस्थेला किती दिवस बघायला मिळणार, ती बदल सुचवू शकते की बदल करायला लावू शकते, आणि निष्कर्ष तिला नको असले तर तुम्ही तेच काम विद्यापीठाच्या नावाने स्वतंत्र छापू शकता का? चांगल्या संस्था हे सगळं स्वतःहून लिहून देतात. कलम नसेल तर घालायला सांगा, आणि घालायला खळखळ केली तर तो पैसा घेऊ नका.